माहेर दुसऱ्या तालुक्यात

ओहोटी पुरती लागायच्या आधीच ओर्पा पाण्यात उतरली होती. गुडघाभर पाणी, पायाखाली टोचणारी प्रवाळाची चुरी आणि डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. वाट रोजचीच, त्यामुळे ती समोर बघतही नव्हती. पट्टीपाशी पोचल्यावर सवयीने तिचा हात दोर चाचपायला पाण्यात गेला, आणि हाताला नुसतं पाणीच लागलं.

तिने मान वर केली. खुंट्या नव्हत्या. एकही नव्हती.

किनाऱ्यापासून आत पसरलेल्या त्या उथळ वाळूला सगळे पट्टीच म्हणत. तिथे खुंट्या ठोकून, दोर ताणून, गाठीगाठीला तिने समुद्रशेवाळाची डिरी, म्हणजे कोवळा फुटवा, बांधली होती. डिरी धरली होती, हाताएवढी फुटली होती. आता ते सगळं पुळणीवर ढीग होऊन पडलं होतं. दोर कोयत्याने कापलेले, खुंट्या सरपणासारख्या रचलेल्या. ढिगाशेजारी एक बांबू रोवून त्याला तांबडं फडकं बांधलं होतं. वरच्या थरातलं शेवाळ उन्हाने पांढुरकं पडायला लागलं होतं.

ओर्पा धावत वाळूवर आली आणि दोन्ही हातांनी खालचं ओलं शेवाळ वेगळं काढायला लागली. बांबूच्या सावलीत योक्तान बसला होता. पलीकडच्या नामोतेओ गावचा पोरगा, मलेशियात पामच्या मळ्यात राबून परत आलेला. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते.

"आत्या," तो म्हणाला, "तुमचं शेत आता तुमच्या तालुक्यात न्या."

"आत्या म्हणतोस आणि दोर कापतोस?"

"आत्या तर आहातच. नात्याला आम्ही कुठे नाही म्हणतो? पण पट्टी आमच्या हद्दीत आली."

"आली म्हणजे? चालत आली का रे?"

ते दोघे हसले. योक्तान हसला नाही. तो उठून बांबू आणखी खोल दाबायला लागला. ओर्पाने ओलं शेवाळ लुंगीच्या ओच्यात भरलं. उरलेलं डोक्यावरच्या फडक्यात बांधलं आणि उघड्या डोक्याने खाडी ओलांडून परत निघाली. मागे कोणीतरी शीळ घातली.

तालुक्याचे दोन तालुके झाले ते मागच्या पावसात. बाआला, जिल्ह्याच्या गावी, वाजतगाजत समारंभ झाला, ट्रक भरून माणसं गेली, भात-डुकराचं जेवण झालं. हद्द म्हणून खाडी ठरली. अलीकडची ओएलाई वाडी जुन्या तालुक्यात राहिली, पलीकडचं नामोतेओ नव्या तालुक्यात गेलं. ओर्पाचा जन्म नामोतेओचा आणि लग्न ओएलाईतलं. विहिरीवर बायांनी तिची चेष्टा केली होती, "ओर्पा, आता माहेरी जायला परवाना काढ गं." तीही खळखळून हसली होती. ओहोटीला लुंगी गुडघ्यापर्यंत उचलली की आलं माहेर, त्याला कसला परवाना?

पण चक्रीवादळाने खाडीचं तोंड फिरवलं होतं. पूर्वी ती नामोतेओच्या खडकाला घासून समुद्रात जायची. वादळानंतर ओएलाईच्या अंगाला वळली आणि पट्टी पलीकडे राहिली. पाण्याने जागा बदलली तेव्हा कोणाच्या मनातही काही आलं नाही. नकाशावर रेघ आली तेव्हा आलं.

घरी आली तेव्हा मेसाक झाडावर होता. तिचा नवरा. वाडीत इतके ताड कापणारा, म्हणजे त्यांचा रस काढणारा, आता तोच एक उरला होता. तरणी पोरं सगळी कुपांगला बांधकामावर नाही तर आणखी लांब गेली होती. सकाळ-संध्याकाळ तो ताडावर चढायचा, लाकडी चिमट्याने पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, दाबायचा, टोकाची पातळ चकती कापायचा, भरलेली पानाची बादली उतरवून रिकामी टांगायचा. एक दिवस हात चुकला की पोय सुकते, आणि सुकली की त्या पोयीला हंगामभर रस नाही.

खाली चुलाणावर काकवी उकळत होती. सासूबाई, फेर्देरिका, ताडपानाच्या बादल्या वळत बसल्या होत्या. दात गेलेले, पण जीभ शाबूत.

"इतक्या लवकर परत? समुद्र आटला का?"

ओर्पाने ओच्यातलं शेवाळ परातीत ओतलं आणि काय झालं ते सांगितलं. वरून झावळ्यांचा आवाज थांबला. मेसाकला सगळं ऐकू गेलं होतं. तो सरसर उतरला. छातीवर खोडाने घासून पडलेले काळे घट्टे, पायात दोराचा फास तसाच.

"तुझ्या भावाला माहीत होतं?"

"मला काय माहीत?"

"गावप्रमुख आहे तो तिथला. त्याच्या गावची पोरं कोयते घेऊन निघतात आणि त्याला माहीत नसतं?"

"मी विचारते जाऊन."

"काही नको विचारायला." त्याने बादली चुलाणाशी ठेवली, थोडा रस सांडला. "आजपासून खाडीपलीकडे पाय टाकायचा नाही. त्यांना हद्द पाहिजे ना? पाळू आपण हद्द."

"मेसाक, रस सांडला," सासूबाई म्हणाल्या.

"सांडू दे."

"मग डुकरांना काय घालू, तुझा राग?"

फास पायात सारखा करून तो पुढच्या झाडाकडे गेला. चालताना उजवा पाय जरा आखडत होता. ओर्पाने ते पाहिलं, पण त्या वेळी बोलायची सोय नव्हती.

वाचलेल्या डिऱ्या तिने खाडीच्या तोंडाशी, आपल्या बाजूला लावल्या. दुसरी जागाच नव्हती. तिथे तळ मऊ, खुंटी दोन दिवसांत कलायची. ती रोज जाऊन दगडाने पुन्हा ठोकायची. गाळ शेवाळावर बसायचा, तो हाताने हलवून धुवायचा. मासे कोवळे शेंडे कुरतडायचे. पाण्यात वाकून वाकून कंबर धरायची, बोटांची कातडी पांढरी होऊन सोलायची. तरी शेवाळाचा रंग उतरत चालला. आधी तपकिरी, मग पिवळट, मग देठाशी पांढरं आणि बुळबुळीत. हातात धरलं की तुटायचं.

समोर पट्टीवर निळंशार पाणी हलत असायचं. तिथे अजून कोणी काही लावलं नव्हतं. तांबडं फडकं तेवढं फडफडत होतं.

ओर्पा आणि वाडीतल्या चारचौघींनी ठरवलं, तालुक्याला जाऊन सांगायचं. तालुक्याचं ठिकाण म्हणजे उपसागराला वळसा घालून, डोंगर चढून उतरून. भल्या सकाळी ट्रकच्या फळ्यांवर बसून निघाल्या ते धुळीने तोंडं पांढरी करून पोचल्या. कार्यालयात एक तरुण साहेब होता. त्याने पाणी दिलं, बसायला खुर्च्या दिल्या, सगळं नीट ऐकून घेतलं.

"मामला दोन तालुक्यांमधला आहे, बाई. आमच्या हातात नाही. जिल्ह्याला जावं लागेल."

म्हणून त्या बाआला गेल्या. तिथे भिंतीवर अख्ख्या बेटाचा नकाशा होता. प्रत्येक तालुका वेगळ्या रंगात, भोवती सुटी बेटं शिंपडल्यासारखी. ओर्पा जवळ जाऊन बघायला लागली. तिचं सासर हिरवं होतं, माहेर पिवळं. मधली खाडी केसाएवढी.

तिथली बाई थकलेली होती, पण बोलायला गोड. म्हणाली, "हद्दीचा खांब रोवायला आमची माणसं येणारच आहेत. पण वाद असेल तर दोन्ही गावप्रमुखांची संमती आणा. तुमच्या गावप्रमुखाचं काही म्हणणं नाही. नामोतेओच्या गावप्रमुखाची आणा."

बरोबरच्या बायांनी ओर्पाकडे पाहिलं. ओर्पा म्हणाली, "म्हणजे एवढा प्रवास करून आम्हाला कळलं काय, तर खाडी ओलांडून माझ्या भावाला विचारायचं."

त्या बाईलाही हसू आलं. "नाव काय भावाचं?"

"लासारुस. लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलाय त्याला मी."

परतीच्या ट्रकमध्ये ओर्पाने मनाशी ठरवलं. नवऱ्याने पाय टाकायचा नाही म्हटलं होतं. हरकत नाही, पाय टाकल्यावर सांगू.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती गेली. काकवीचा एक डबा नेला, रिकाम्या हाताने माहेरी जाववेना म्हणून. लासारुस अंगणात होडीच्या फटीत कापूस ठोकत बसला होता. बहिणीला पाहून तो उठला, पुन्हा बसला.

"ये ताई. बस. अगं आदेलिना, ताई आलीय."

"बसायला नाही आले. लासा, माझ्या खुंट्या कोणी काढल्या?"

"तुला माहीत आहे कोणी काढल्या."

"तुला आधी माहीत होतं?"

तो कापूस ठोकत राहिला. "ताई, घरात मी तुझा भाऊ. पण तिकडे कार्यालयात..."

"हे घर आहे ना? मग भावासारखा बोल."

"काय बोलू? गावात पोरं परत आलीत. ना ताड, ना जमीन. आमच्या बाजूचा समुद्र भरून गेलाय, दोराला दोर लागतोय. त्यांनी नकाशा पाहिला, पट्टी आपल्यात आली म्हणाले. मी नको म्हटलं तर म्हणतील, बहिणीसाठी गाव विकलं. परवा योक्तान तोंडावर बोलला मला. सगळ्यांसमोर. प्रार्थना आटोपून चर्चबाहेर पडताना."

"मग तू काय म्हणालास?"

लासारुसने हातोडी खाली ठेवली. "काही नाही म्हणालो."

तेवढ्यात भावजय मक्याचं ताट घेऊन आली. वर मिरची-मीठ आणि भाजलेला मासा. "वन्सं, आधी दोन घास खा. उन्हातून आलात."

ओर्पाने ताटाकडे पाहिलं. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. "आदेलिना, तुझा राग नाही मला. पण काही नाही म्हणणाऱ्याच्या घरी माझ्याच्याने जेववणार नाही."

काकवीचा डबा ओट्यावर ठेवून ती निघाली. आदेलिना ताट घेऊन पाण्यापर्यंत मागे आली, "वन्सं, अहो वन्सं," करत. आजूबाजूच्या अंगणातून माणसं बघत होती. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "नामोतेओची पोर उपाशी चालली की रे!" ओर्पाने मागे पाहिलं नाही. पाण्यात शिरल्यावर मात्र तिचे डोळे असे भरून आले की पुढची वाळू कुठे सुरू होते ते दिसेना.

मेसाक पडला तो त्याच आठवड्यात.

पडला म्हणजे वरून कोसळला नाही. तसं असतं तर संपलंच होतं. उतरताना उजवा गुडघा दगा देऊन गेला आणि तो खोड मिठीत धरून घसरत आला. छाती, पोट, मांड्या सोलून निघाल्या. खाली पाय टेकला तेव्हा गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. ओर्पा आणि सासूबाईंनी मिळून त्याला ओढत ओसरीवर आणलं. मिठाच्या कोमट पाण्याने अंग पुसताना तो दात आवळून पडून राहिला. गुडघा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला.

"संध्याकाळचा रस," तो म्हणाला.

"राहू द्या."

"राहू द्या काय? पोया सुकतील."

"मग काय मी चढू?"

वाडीत तिने सगळीकडे विचारलं. एक म्हातारा होता, त्याला झाडाकडे बघूनच चक्कर यायची. एक जण स्वतःचीच झाडं पुरी करू शकत नव्हता. त्याने एक संध्याकाळ येऊन जेमतेम चार झाडं कापली आणि हात जोडले. उरलेल्या बादल्या वर तशाच वाऱ्याने डोलत राहिल्या. रस आंबला, माश्यांनी भरला.

सकाळी ओर्पा झाडांखाली उभी राहिली. चुलाण गार होतं. ह्याच काकवीवर त्यांचं कोरड्या दिवसांतलं अर्धं जेवण असायचं, पाण्यात कालवून प्यायलं की दुपार निघून जायची. डुकरं कुंपणाशी येऊन ओरडत होती. समोर खाडीच्या तोंडाशी तिचे दोर रिकामे दिसत होते. पट्टीवर ते तांबडं फडकं, आणि त्याच्याजवळ वाळूत बसलेला योक्तान.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रोज येऊन बसतो हा. पट्टी मिळाली म्हणतो, पण लावत काहीच नाही. का लावत नाही? मग तिच्या लक्षात आलं. बियाण्याच्या डिऱ्यांना पैसे कुठून आणणार तो? आणि लावणी कोणी शिकवली त्याला? मळ्यात पामचे घड उतरवण्यात सगळी उमर घालवलेला माणूस.

घड उतरवणारा माणूस. ओर्पाने लुंगी वर खोचली.

योक्तानचं खोपट गावाच्या टोकाला होतं, पत्रा आणि झावळ्या. तो पट्टीवरून नुकताच परतला होता. दारात त्याची बायको, वेल्मिंचे, अंगावर पिणारं मूल घेऊन बसलेली, डोळ्याखाली काळं पडलेलं. ओर्पाला पाहून तीच आधी घाबरली.

"भांडायला आलात का, आत्या?" योक्तानने दारातूनच विचारलं.

"भांडायचं असतं तर पट्टीवरच भांडले असते. ताडावर चढता येतं का रे तुला?"

"काय?"

"ताडावर. का मलेशियात विसरलास?"

तो गोंधळला. "बापाची झाडं होती तेव्हा चढायचो. थोरल्याकडे गेली ती. का?"

"आमच्या ह्यांचा गुडघा गेलाय. झाडं रसावर आहेत. तू काप. निघेल त्यातला निम्मा रस तुझा. चुलाण माझं, सरपण माझं. काकवी तयार करून देईन."

मुलाने दूध सोडून रडायला सुरुवात केली, वेल्मिंचेने त्याला खांद्यावर घेतलं.

"आणि बदल्यात पट्टी सोडायची, असं ना?" योक्तान म्हणाला.

"सोडू नकोस. अर्धी मी लावते, अर्धी तुम्ही लावा. बियाणं मी गोळा करते, गाठी मी शिकवते हिला. पोराला टोपलीत घालून पुळणीवर ठेवलं की दोन्ही हात मोकळे."

"मी तुमचे दोर कापले, आत्या."

"माहीत आहे मला. कापलेले दोर मीच गोळा केले."

"मग तुम्ही माझ्याकडे का आलात?"

"कारण तुला चढता येतं," ओर्पा म्हणाली. मग न राहवून म्हणाली, "आणि कोयता चांगला चालतो तुझा, हे मी पाहिलंय."

वेल्मिंचेला हसू फुटलं आणि तिने मुलाच्या पाठीआड तोंड लपवलं. योक्तानचे कान लाल झाले. तो खाली बसला, पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

"आतोबा झाडाला हात लावू देतील?"

"ते माझ्याकडे लागलं," ओर्पा म्हणाली.

मेसाकने ऐकून घेतलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "नामोतेओचा माणूस माझ्या झाडावर नको. सुकू देत."

"अहो, पण..."

"सुकू देत म्हटलं ना!"

सासूबाईंनी वळायला घेतलेली बादली बाजूला ठेवली. हातावर जोर देत उठल्या आणि लेकाच्या अंथरुणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"झाडं तुझी कधी झाली रे? माझ्या सासऱ्याने राखली, नवऱ्याने कापली. तो गेला तेव्हा तू एवढासा होतास. चढायला कोण आलं होतं माहीत आहे? पार दक्षिणेच्या टोकावरचा माणूस. त्याची बोलीसुद्धा मला धड कळायची नाही. दोन हंगाम त्याने कापली, म्हणून तू जगलास. तेव्हा मी त्याला विचारलं नाही, तुझा तालुका कुठला."

मेसाकने भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं.

"उद्या येऊ दे त्याला," सासूबाई ओर्पाला म्हणाल्या. "आणि ह्याला बाहेर झाडाखाली चटईवर टाक. घरात पडून डोकं सडतंय त्याचं."

खांब रोवायचा दिवस त्यानंतर लगेच आला. बाआहून गाडी नामोतेओपर्यंत आली. दोन साहेब, एक मोजणीचं यंत्र, आणि सिमेंटचा तयार खांब. दोन्हीकडची माणसं खाडीच्या तोंडाशी जमली. अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे, मधे घोटाभर पाणी. लासारुस इस्त्रीच्या गणवेशात उभा होता, बूट हातात घेऊन.

मोठ्या साहेबाने नकाशा दाखवला. रेघ खाडीच्या आत्ताच्या पात्रावरून जाते, म्हणजे पट्टी नामोतेओकडे. ओएलाईच्या बाजूने गलका झाला. कोणी वादळाचं नाव घेतलं, कोणी आजोबांचं. साहेबाने हात वर केला.

"ऐका तर. खांब एवढंच सांगतो की कुठलं कार्यालय कुणाचं काम करणार. जन्ममृत्यूची नोंद, रस्ता, शाळा, मतदान. पाण्यात कोणी काय लावायचं हे खांब सांगत नाही. ते तुमचं तुम्ही आधीपासून ठरवत आलात तसं ठरवा."

पलीकडचा, ओर्पा उपाशी निघाली तेव्हा ओरडलेला तोच म्हातारा म्हणाला, "मग इतके दिवस आम्ही भांडत होतो ते कशासाठी?"

"ते मला कसं माहीत असणार, आजोबा?"

दोन्ही बाजूंना हशा पिकला. पण हसणं विरलं आणि पुन्हा सगळे लासारुसकडे पाहायला लागले, कारण ठरवायचं म्हणजे त्यानेच आधी बोलायला हवं होतं. लासारुसने बूट ह्या हातातून त्या हातात घेतले. ओर्पाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पाण्याकडे बघत होती.

योक्तान पुढे आला. "मी बोलू का? तांबडं फडकं मी लावलं होतं. मी काढतो. पट्टी अर्धी आत्या लावणार, अर्धी माझ्या घरचे. आमचं बोलणं झालंय."

"बोलणं झालंय? कधी? आणि आम्ही?" मागून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा लासारुसचा आवाज फुटला. आधी जरा चिरकाच. "तुम्हीसुद्धा. पट्टी मोठी आहे, ज्याला लावायचं त्याने यावं, दोन्हीकडच्यांनी. जागा मिळून आखू. पण पहिली जागा माझ्या बहिणीची. तिने ती पहिली लावली होती. तिचे दोर कापले तेव्हा मी गप्प बसलो. मला लाज वाटते त्याची. ज्याला वाटत असेल की बहिणीसाठी मी गाव विकलं, त्याने आत्ता इथे बोलावं. चर्चच्या दारात नको."

म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "गावची पोर आहे ती. लावू दे की."

लासारुस पाण्यात उतरला, गणवेशाची विजार भिजू देत अलीकडे आला आणि बहिणीसमोर उभा राहिला. काय करावं ते न सुचून त्याने हातातले बूट पुढे केले. ओर्पाने ते घेतले, उलटे करून आतली वाळू झटकली आणि त्याला परत दिले.

"घाल पायात," ती म्हणाली. "प्रवाळ टोचतं."

खांब रोवला. सिमेंट कालवायला ओएलाईच्या बायांनी पाणी आणलं, वाळू नामोतेओच्या पोरांनी.

त्यानंतरच्या ओहोट्या लावणीत गेल्या. बियाणं थोडंच होतं. लासारुसच्या घरून काही आलं, काही शेजारच्या गावातून. वेल्मिंचेची पहिली गाठ सुटली, दुसरी इतकी आवळली गेली की डिरीच तुटली. "अगं, गळा नाही दाबायचा तिचा," ओर्पा म्हणायची. "बाळाला लंगोट बांधतेस ना, तेवढीच." पुळणीवर टोपलीत पोर झोपलेलं असायचं आणि आदेलिना त्याच्यावर झावळी धरून बसायची. दुपारी तिघी तिथेच मका खायच्या.

योक्तान मात्र अजून ओएलाईच्या झाडांवर पाहुण्यासारखा चढत होता. सकाळी यायचा, सासूबाईंच्या हातून बादल्या घ्यायचा, खाली मान घालून झाडाकडे जायचा. बऱ्याच पोया सुकून गेल्या होत्या, त्याने नव्या धरल्या होत्या आणि रस यायला वेळ लागत होता. मेसाक झाडाखाली चटईवर पाय लांब करून पडलेला असायचा. तो योक्तानशी एक शब्द बोलला नव्हता. नुसता वर बघायचा. पाय कुठे टाकतो, चिमटा कसा धरतो, कुठल्या झावळीला हात घालतो. कधी योक्तानचा पाय घसरला की मेसाकचा श्वास अडकायचा, आणि ओर्पाला चुलाणाशी बसून तो ऐकू यायचा.

एका सकाळी योक्तान मोठ्या ताडावरून उतरला तेव्हा बादली भरलेली होती. काठोकाठ नव्हे, पण भरलेली. तो चुलाणाकडे जायला निघाला.

"इकडे आण," मेसाक म्हणाला.

योक्तान थांबला. ओर्पाच्या हातातली पळी तशीच राहिली. सासूबाईंनी डोळे बारीक केले. योक्तानने बादली चटईपाशी नेऊन ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

मेसाकने करवंटी बुडवली. तोंडात रस फिरवला, गिळला. पुन्हा एक घोट घेतला. मग खाडीकडे पाहिलं. तिथे भरती चढत होती आणि दोरांना तरंगायला बांधलेल्या रिकाम्या बाटल्या पाण्यावर उचलल्या जात होत्या.

"पातळ आहे," तो शेवटी म्हणाला. "चकती जाड कापतोस तू. उद्या हात हलका ठेव."